नामांकन मालकाचे, अपीलही मालकाचेच. मग नोकरदाराच्या हाती काय?

प्रश्न : मी मूळचा सांगली जिल्ह्यातला. सध्या मेलबर्नच्या पश्चिमेकडील एका उपनगरात पत्नी आणि मुलासह राहतो. येथील एका भारतीय रेस्टॉरंटमध्ये मी ४८२ या मालकाच्या स्पॉन्सरशिपवर मिळणाऱ्या तात्पुरत्या व्हिसावर शेफ आहे. एकाच मालकाकडे दोन वर्षांहून अधिक काम झाल्यावर त्यांनी माझ्यासाठी १८६ या कायमस्वरूपी व्हिसाचे नामांकन भरले आणि मी त्याबरोबरच व्हिसाचा अर्ज केला. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो. आता पंचेचाळीस पूर्ण झाली आहेत. गृहखात्याने नुकतेच ते नामांकन नाकारले. रेस्टॉरंटची उलाढाल घटली असून धंदा बराचसा पार्सलवर गेला आहे, तेव्हा तिथे शेफची खरोखर गरज आहे असे दिसत नाही, हे एक कारण. आणि पुढील दोन वर्षे मला पूर्णवेळ पगार देण्याची मालकाची ऐपत सिद्ध झालेली नाही, हे दुसरे. निर्णयाचा ई-मेल एजंटाकडे आला आणि त्याने तो आठवडाभराने मला पाठवला. आता मला वेगळे पत्र आले आहे की, म्हणणे मांडायचे असेल तर मांडा, नाही तर व्हिसाचा अर्ज मागे घेता येईल. एजंट म्हणतो, अर्ज मागे घ्या म्हणजे नावावर नकाराचा डाग लागणार नाही. मालक म्हणतात, ‘अपिलाचा खर्च तू करणार असशील तर मी सही करतो.’ मी स्वतः अपील करू शकतो का? माझा ४८२ व्हिसा सात महिन्यांनी संपतो, मुलगा बारावीला आहे आणि डिसेंबरात भाचीच्या लग्नाला गावी जायचे ठरले आहे.
— एक वाचक, मेलबर्न

उत्तर : सर्वांत आधी एक सांगतो, बाकीचे सावकाश वाचा. व्हिसाचा अर्ज मागे घेण्याच्या कागदावर सही करू नका. तुमच्या एजंटाचा सल्ला तिशीतल्या माणसासाठी कदाचित योग्य ठरला असता. ज्याच्या हाती वेळ आहे आणि ज्याला दुसरा मालक नव्याने नामांकित करू शकतो, त्याने नकार येण्यापूर्वी अर्ज मागे घेऊन पुन्हा सुरुवात करण्यात शहाणपण असू शकते. तुमचे गणित वेगळे आहे. १८६ व्हिसासाठी अर्जाच्या दिवशी वय पंचेचाळीसच्या आत असावे लागते. तुमचा जुना अर्ज त्या अटीत बसतो, कारण वय मोजले जाते ते अर्जाच्या तारखेला. आज नवा अर्ज केलात तर तो बसणार नाही. वयाच्या अटीला अपवाद आहेत, पण त्यांपैकी जो नोकरदारांच्या तोंडी जास्त असतो तो बऱ्याच मोठ्या पगाराचा आहे. ती मर्यादा आता वर्षाला १ लाख ८० हजार डॉलरच्या वर गेली असून रेस्टॉरंटच्या शेफला ती गाठणे शक्य नाही. म्हणजे तुमच्यापाशी अर्ज एकच आहे, आणि तो मागे घेतला की त्यावर अपीलही उरत नाही, कारण मागे घेतलेल्या अर्जावर कोणताच निर्णय झालेला नसतो. नावावर नकाराची नोंद होणे त्रासदायक असते हे खरे, पण ती नोंद टाळण्यासाठी एकमेव अर्ज सोडून देणे तुम्हाला परवडणारे नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. नामांकनाच्या नकारावर तुम्ही अपील करू शकत नाही. तुम्हाला हे अन्यायाचे वाटेल, कारण परिणाम भोगायचा तुम्ही. पण कायद्याची मांडणी तशी आहे. नामांकन म्हणजे ‘माझ्या धंद्यात ही जागा आहे, ती मला भरायची आहे आणि तिचा पगार मी देऊ शकतो’ हे मालकाचे म्हणणे. खात्याने नाकारले ते हे म्हणणे. तुमचे शिक्षण, अनुभव किंवा इंग्रजी यांबद्दल त्या निर्णयात एक ओळही नसेल, आणि म्हणूनच तुमची प्रमाणपत्रे कितीही जोडली तरी त्या नकाराला उत्तर मिळणार नाही. दाद मागण्याचा हक्क ज्याने नामांकन भरले त्या कायदेशीर व्यक्तीला, म्हणजे बहुधा मालकाच्या कंपनीला आहे. तुम्हाला मिळणारा हक्क दुसरा : नामांकन नाही म्हणून तुमचा व्हिसाचा अर्ज नाकारला जाईल, तेव्हा त्या नकाराविरुद्ध तुम्ही स्वतः दाद मागू शकता. पण मालकाचे अपील उभे नसेल तर तुमच्या अपिलात काही दम राहणार नाही, कारण मंजूर नामांकनाविना न्यायाधिकरणही तुम्हाला व्हिसा मिळवून देऊ शकत नाही. दुसऱ्या एखाद्या मालकाने उद्या नवे नामांकन भरले तरी ते या जुन्या अर्जाला जोडता येणार नाही. १८६ चा अर्ज ज्या नामांकनाबरोबर केला, त्याच्याशीच तो बांधलेला असतो. ४८२ साठी अर्ज केलेल्या वाचकांसाठी जाता जाता : त्या अर्जांना हा नियम आणखी कडक आहे. तिथे नामांकन मंजूर नसेल आणि मालकाचे अपीलही प्रलंबित नसेल, तर नोकरदाराचे अपील दाखलच करून घेतले जात नाही. म्हणून मालकाचे अपील आधी आणि तुमचे नंतर हा क्रम चुकवू नका.

हे अपील चालते प्रशासकीय पुनर्विलोकन न्यायाधिकरणापुढे. १४ ऑक्टोबर २०२४ पासून त्याने जुन्या अपील न्यायाधिकरणाची जागा घेतली. मुदत आहे निर्णय कळवल्यापासून २८ दिवसांची. इंटरनेटवर आणि आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप गटांत अजून २१ दिवसांचा आकडा फिरतो; तो जुन्या व्यवस्थेचा आहे. पण २८ दिवस म्हणजे सवड भरपूर आहे असे समजू नका. निर्णय ई-मेलने कळवला असेल तर ज्या दिवशी ई-मेल पाठवला त्याच दिवशी तो मिळाला असे कायदा धरतो. आणि पत्रव्यवहारासाठी एजंटाचे नाव दिलेले असेल तर त्याच्या खात्यात तो पोचला की मालकाला पोचला. एजंटाने तो तुम्हाला आठवडाभराने पाठवला, हा त्याचा निष्काळजीपणा आहे. पण तो आठवडा तुम्हाला परत मिळणार नाही. ही मुदत वाढवून देण्याचा अधिकार न्यायाधिकरणालाही नाही. एक दिवस उशीर झाला तर कारण कितीही खरे असो, प्रकरण तिथेच संपते. तेव्हा आजच एजंटाकडून मूळ ई-मेल जसाच्या तसा मागवा, त्यावरील तारीख पाहा आणि शेवटचा दिवस मालकाला लेखी कळवा. अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि त्या दिवशी पुराव्यांची सगळी फाइल तयार असायला हवी असे नाही. निर्णयाची प्रत जोडून फी भरली की अपील उभे राहते, पुरावे नंतर देता येतात.

फीचा विषय निघालाच आहे. न्यायाधिकरणाची फी सध्या साडेतीन हजार डॉलरच्या आसपास आहे आणि दर १ जुलैला ती वाढते, म्हणून भरण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावरचा आकडा पाहावा. निर्णय आपल्या बाजूने लागला तर निम्मी रक्कम परत मिळते. खरोखर आर्थिक ओढ असेल तर तसे दाखवून सुरुवातीलाच निम्मी सवलत मागता येते. मालकाचे अपील आणि तुमचे अपील या दोन स्वतंत्र गोष्टी असल्यामुळे फीही दोनदा लागेल. तुमच्या अपिलात मात्र पत्नी आणि मुलगा एकाच अर्जात येतात.

मालकाच्या अटीबद्दल मला स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण आपल्याकडे याकडे ‘समजुतीचा व्यवहार’ म्हणून पाहिले जाते. ‘पैसे तू भर, सही मी करतो’ हे वाक्य ऑस्ट्रेलियात धोक्याचे आहे. स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे किंवा अन्य लाभ मागणे, घेणे आणि देणे या तिन्ही गोष्टी डिसेंबर २०१५ पासून कायद्याने निषिद्ध आहेत. त्यात मागणाऱ्यावर कारवाई होते तशी देणाऱ्यावरही होऊ शकते आणि व्हिसा रद्द होण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. शिवाय ४८२ चा स्पॉन्सर म्हणून मालकावर वेगळे बंधन आहे की, नामांकनाचा आणि त्यासाठी नेमलेल्या एजंटाचा खर्च त्याने नोकराकडून वसूल करू नये. अपिलाची फी या व्याख्येत नेमकी कुठे बसते यावर वकील तासभर बोलू शकतील. तुम्ही मात्र त्या काठावर उभे राहू नका. मालकाला व्हॉट्सॲपवर ‘हो, मी भरतो’ असे लिहू नका, रोख देऊ नका आणि पगारातून वळते करून घेण्यालाही होकार देऊ नका. तुमच्या स्वतःच्या व्हिसाच्या अपिलाची फी तुम्ही भरायची. मालकाच्या अपिलाची मालकाने.

मग त्यांना तयार कसे करायचे? उपकाराची भाषा सोडून हिशेबाची भाषा बोला. तुमच्या नामांकनासाठी त्यांनी प्रशिक्षण निधीची सरकारी पट्टी आधीच भरलेली आहे. वर्षाला १ कोटी डॉलरपेक्षा कमी उलाढाल असलेल्या धंद्याला १८६ साठी ती ३,००० डॉलर पडते आणि तीही नोकराकडून घेता येत नाही. तुम्ही गेलात तर त्यांना नवा शेफ शोधावा लागेल. तो परदेशातून आणायचा तर देशभर दिसतील अशा किमान दोन जाहिराती प्रत्येकी २८ दिवस चालवायच्या, प्रत्येक वर्षासाठी १,२०० डॉलरची पट्टी पुन्हा भरायची, आणि आज ज्या कारणांनी तुमचे नामांकन अडले, बहुतेक त्याच कारणांनी त्याचेही अडायचे, कारण शंका धंद्याबद्दल घेतली गेली आहे. नकाराची ती दोन कारणे खोडून काढण्यात त्यांचा स्वतःचा लाभ आहे, हे त्यांच्या अकाउंटंटला बसवून समजावता आले तर उत्तम. पुष्कळ मालक नोकराचे ऐकत नाहीत, अकाउंटंटचे ऐकतात. याच बैठकीत आणखी एक गोष्ट सहज विचारून घ्या : रेस्टॉरंट विकायचा विचार आहे का? धंदा दुसऱ्या कंपनीच्या नावावर गेला की अपील करणारी कंपनी मालक राहत नाही आणि नवा मालक तिच्या जागी उभा राहू शकत नाही. विक्रीची बोलणी चालू असतील तर हजारो डॉलर आणि वर्ष-दोन वर्षे त्यात घालण्याआधी ते कळलेले बरे.

मालक राजी झाले असे धरून पुढे लिहितो. न्यायाधिकरण अधिकाऱ्याची चूक काढायला बसत नाही. ते सगळे प्रकरण नव्याने पाहते, अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून आज हे नामांकन मंजूर करावे का, असे स्वतःला विचारते. म्हणून ‘अधिकाऱ्याने आमच्यावर अन्याय केला’ अशी पानेच्या पाने लिहिण्याचा उपयोग नसतो. उपयोग असतो तो तेव्हा न दिलेल्या कागदांचा. नकाराच्या निर्णयात अधिकाऱ्याने काय काय पाहिले आणि कशावरून निष्कर्ष काढला ते परिच्छेदवार लिहिलेले असते. तो कागद मालक, अकाउंटंट आणि तुम्ही एकत्र बसून वाचा, प्रत्येक वाक्यासमोर ‘याला आपल्याकडे कोणता कागद आहे’ असे लिहा. माहितीच्या स्वातंत्र्याच्या कायद्याखाली खात्याकडून नामांकनाची पूर्ण फाइलही मागवता येते. एजंटाने तुमच्या नावाने नेमके काय भरले होते ते पुष्कळदा तिथेच पहिल्यांदा कळते.

अशा फाइलींत हमखास आढळणारा दोष म्हणजे कामाचे वर्णन. व्यवसायांच्या अधिकृत वर्गवारीत शेफचा क्रमांक ३५१३११ आणि कुकचा ३५१४११. शेफने मेनू आखावा, खाद्यपदार्थांचा आणि मजुरीचा खर्च काढावा, माल मागवावा, प्रत्येक टप्प्यावर पदार्थाचा दर्जा पाहावा, हाताखालच्यांना शिकवावे आणि स्वच्छतेचे नियम पाळून घ्यावेत. कुकने मुख्यतः रांधावे. एजंट ही यादी तशीच्या तशी उचलून नेमणुकीच्या पत्रात डकवतात. अधिकारी तोच मजकूर दिवसभर वाचत असतो. त्याला तो लगेच ओळखू येतो आणि मग त्याच्या मनात पहिली शंका उभी राहते की, ही जागा कागदावरचीच असावी. पार्सलचा धंदा वाढलेला दिसला की ती शंका बळावते, कारण डब्यात भरून देण्यापुरते रांधायला शेफ कशाला, असा त्याचा तर्क असतो.

या तर्काला उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे. सोमवारी सकाळी भाजीवाल्याला आणि मटणवाल्याला तुम्ही जी ऑर्डर पाठवता, ती तुमच्या फोनवर तारीखवार असेल. ते संदेश आणि त्यांच्याशी जुळणारी बिले लावा. एका प्लेटीत चिकन किती ग्रॅम, क्रीम किती, काजूची पेस्ट किती, त्यावरून प्लेटीचा खर्च किती आणि किंमत किती, असा तुमच्या हातचा तक्ता असेल तर तो डाग पडलेला असला तरी चालेल. किंबहुना नव्याने छापलेल्या तक्त्यापेक्षा तोच अधिक बोलका. फ्रिजच्या तापमानाची रोजची वही आणि तिच्यावरील तुमच्या सह्या दाखवा. व्हिक्टोरियात बहुतेक रेस्टॉरंटना फूड सेफ्टी सुपरवायझर नेमावा लागतो; ती जबाबदारी तुमच्याकडे असेल तर त्याचे प्रमाणपत्र जोडा. जुना मेनू आणि तुम्ही बदललेला मेनू शेजारी शेजारी ठेवा. पार्सलसाठी पदार्थ वेगळे बसवावे लागले असतील, ग्रेव्ही तासाभराने फाटू नये म्हणून कृती बदलली असेल, तर ते काम शेफचेच आहे आणि तसे साध्या शब्दांत लिहून द्या. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे किमान सहा महिन्यांची रोस्टरे द्या, ज्यांवरून स्वयंपाकघरात आणखी कोण आहे, कोणाचे किती तास आहेत आणि तुम्ही नसता त्या दिवशी कोण काय करते हे कळेल. शेफच्या हाताखाली कोणीच नाही असे चित्र दिसले तर देखरेखीचा दावा टिकत नाही. आणि सात जण दाखवले पण पगारपत्रकावर चारच निघाले, तर त्याहून वाईट. जे आहे तेच दाखवा. मागील तारखेचे करार, नंतर बनवलेली पत्रे, वाढवलेले तास यांतले काही पकडले गेले तर नामांकन जाईलच, शिवाय तुमच्यावर तीन वर्षांची व्हिसाबंदी येऊ शकते, आणि ती कागद मालकाने बनवला होता म्हणून टळत नाही.

ऐपतीचा मुद्दा अकाउंटंटचा. कंपनीची करविवरणे, तिमाही व्यवसाय विवरणे, नफा-तोटा पत्रक आणि बँकेची विवरणे ही तर लागतीलच; पण नुसते आकडे देऊन थांबू नका. उलाढाल घटली असेल तर ती का घटली आणि आता कुठे आहे हे अकाउंटंटच्या सहीच्या पत्रात यावे. पार्सलच्या विक्रीतून डिलिव्हरी कंपन्या आपला हिस्सा आधीच कापून घेतात, त्यामुळे जमा कमी दिसली का? दुरुस्तीसाठी बसायची जागा काही काळ बंद होती का? तोट्याच्या वर्षातही तुमचा पगार एकदाही थकला नाही, हे दाखवता आले तर ऐपतीचा तो उत्तम पुरावा ठरतो, म्हणून पे-स्लिपा आणि तुमच्या खात्यात जमा झालेल्या रकमा महिनेवार जुळवून लावा. सुपरची, म्हणजे मालकाने भरायच्या निवृत्तिनिधीची, रक्कम थकली असेल तर ती आधी भरायला सांगा; कायद्याने देय असलेले पैसे न देणारा मालक पुढची दोन वर्षे पगार देईल यावर कोण विश्वास ठेवील? आणि भाडेकरार पाहा. जागेचा करार आठ महिन्यांत संपणार असेल, नूतनीकरणाची तरतूद नसेल, तर दोन वर्षे नोकरी राहील हे म्हणणे तिथेच लंगडे पडते. घरमालकाकडून वाढीव करार किंवा निदान लेखी हमी मिळवावी. न्यायाधिकरण स्थिती पाहते ती निर्णयाच्या दिवसाची, तेव्हा हे कागद एकदा देऊन विसरायचे नाहीत, सुनावणीपूर्वी ते ताजे करायचे. सुनावणीत मालकाला स्वतः बोलावे लागेल. तुमची साक्ष होऊ शकते, पण ‘तुमच्या स्वयंपाकघरात हा माणूस काय करतो’ या प्रश्नाचे उत्तर मालकाने एजंटाकडे न बघता दिले पाहिजे.

आता तुमच्या वाट्याचे काम. तुम्हाला आलेल्या पत्राला दिलेल्या मुदतीत उत्तर द्या. मालकाने नामांकनावर अपील केले आहे, त्याचा क्रमांक हा, आणि अर्ज मागे घ्यायचा नाही, एवढे त्यात पुरे. अपिलाच्या निकालापर्यंत थांबण्याची विनंती करा, पण खाते थांबायला बांधलेले नाही आणि बहुधा थांबणार नाही. व्हिसाचा नकार आला की त्या तारखेपासून तुमचे स्वतःचे २८ दिवस सुरू होतात. ते अपील भरताना तुम्ही प्रत्यक्ष ऑस्ट्रेलियात असले पाहिजे, सांगलीहून लॅपटॉपवर ते भरता येत नाही. तुमच्या डिसेंबरच्या लग्नाचा प्रश्न इथे येतो. ४८२ व्हिसा चालू आहे तोवर त्यावर जाता-येता येईल, तेव्हा जायला हरकत नाही. पण दोन-अडीच आठवड्यांवर मुक्काम नेऊ नका, रोज ई-मेल पाहा आणि नकार तिकडे असताना आला तर मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी परत या. पत्नी आणि मुलगा अर्जात असतील तर त्यांनाही हेच लागू. शक्य असेल तर एजंटाऐवजी स्वतःचा ई-मेल पत्रव्यवहारासाठी नोंदवा.

तुमचे अपील वेळेत दाखल झाले की १८६ च्या अर्जाबरोबर मिळालेल्या ब्रिजिंग व्हिसाचा, म्हणजे निर्णय लागेपर्यंत देशात राहू देणाऱ्या तात्पुरत्या व्हिसाचा, आधार टिकतो, आणि ४८२ संपल्यावर तो अंमलात येतो. अपील केले नाही तर नकार कळवल्यापासून ३५ दिवसांत तो आधार संपतो. या ब्रिजिंग व्हिसावर कामाचे सामान्यतः बंधन नसते, तरी मंजुरीपत्रातील अटी वाचा. मात्र बंधन नाही म्हणून नोकरी बदलू नका. तुम्ही त्या स्वयंपाकघरातून बाहेर पडलात की नामांकनाचा पायाच निघून जातो. ब्रिजिंग व्हिसा ‘ए’ लागू झाल्यावर देशाबाहेर गेलात तर त्यावर परत येता येत नाही. जाण्यापूर्वी ‘बी’ प्रकार मागून घ्यावा लागतो. गावी आई-वडील वयस्कर असतील तर हे आताच ध्यानात ठेवा, ऐनवेळी धावपळ होते.

हे सगळे करूनही मालक सहीला तयारच झाले नाहीत, तर त्यांच्यामागे लागण्यात दिवस घालवू नका. ४८२ व्हिसाला वयाची अट नाही. दुसरा स्पॉन्सर मिळाला तर नवे ४८२ नामांकन आणि त्यावरचा अर्ज तुमचा सध्याचा ४८२ चालू असतानाच भरा; हातात चालू व्हिसा नसताना, आणि मध्येच एक नकार झालेला असताना, देशात राहून नवा अर्ज करण्यावर कायद्याची बंदी येते व ४८२ तिच्या अपवादांत नाही. नोकरी सुटलीच तर ४८२ वर नवा मालक शोधायला सलग १८० दिवस मिळतात, व्हिसाच्या सगळ्या मुदतीत मिळून ३६५. या वाटेने मुलाचे शिक्षण चालू राहील, पण कायमस्वरूपी वास्तव्य लगेच मिळणार नाही. त्यासाठी एक दार अजून आहे : नॉर्दर्न टेरिटरीसारख्या काही भागांशी सरकारने केलेल्या विभागीय स्थलांतर करारांत ठरावीक व्यवसायांना वयाची सवलत ५५ पर्यंत मिळते. मेलबर्न सोडून तिकडे जाण्याची कुटुंबाची तयारी असेल तर शेफला तिथे काम आहे. मालक सहीला तयार झाले तरी ही चौकशी करून ठेवा, कारण अपिलाचा निकाल महिन्यांच्या नव्हे, वर्षांच्या हिशेबाने लागतो. त्यात हार झाली तर पुढे ३५ दिवसांत फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्टात जाता येते, पण ते न्यायालय कायद्याची चूक झाली का एवढेच पाहते. तुमच्या हातच्या कॉस्टिंगचे तक्ते तिथे कोणी उघडणार नाही.

शेवटी एजंटाबद्दल. ऑस्ट्रेलियात व्हिसाचा सल्ला पैसे घेऊन देणारा माणूस एक तर नोंदणीकृत स्थलांतर एजंट असावा लागतो, नाही तर वकील. त्याचा सात आकडी नोंदणी क्रमांक सरकारी नोंदवहीत तपासा. क्रमांक खरा निघाला तरी आठवडाभर निर्णय दाबून ठेवणाऱ्या आणि पंचेचाळिशी ओलांडलेल्याला अर्ज मागे घ्यायला सांगणाऱ्या माणसाकडे हे अपील देऊ नये असे माझे मत आहे. मालकासाठी एक आणि तुमच्यासाठी दुसरा, असे स्वतंत्र सल्लागार असले तर अधिक चांगले, कारण आज त्यांचे आणि तुमचे हित एका दिशेला असले तरी वर्षभराने तसेच राहील याची खात्री नाही. पहिल्या भेटीला जाताना निर्णयाचा मूळ ई-मेल, तुमचे पत्र, व्हिसाची मंजुरीपत्रे आणि शेवटच्या बारा महिन्यांच्या पे-स्लिपा न्या, आणि ही भेट या आठवड्यातच घ्या.